चरित्र-अभिनेता

येथील विद्यापीठात एका सत्रासाठी अभ्यागत प्राध्यापक म्हणून २०२५ च्या जुलैत येण्याचे ठरले, तेव्हा अतिथिगृहातील खोली नाकारून मी रिछाईला मामींकडे उतरलो. रिछाई हा जबलपूरच्या कडेचा औद्योगिक भाग. पत्र्याच्या छपरांचे लहानमोठे कारखाने, दिवसभर चालणारी लेथ यंत्रे, मालमोटारींनी उखडलेले रस्ते, आणि पावसाळ्यात त्या खळग्यांत साचणारे तेलकट पाणी. साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम येऊन राहावे असे येथे काही नाही. माझे मामा जबलपुरात चाळीस वर्षांहून अधिक काळ वकिली करीत होते. त्यांचे बहुतेक दावे कामगारांचे असत, आणि पक्षकार जेथे राहतात त्याच्या जवळपास वकिलाने राहावे असा त्यांचा एक हट्ट होता. शहरातील भावाबंदांनी नेपियर टाउनसारख्या वस्त्यांत घरे केली. मामांनी येथे केले. २०१३ मध्ये ते गेले, आणि त्र्याऐंशी वर्षांच्या मामी अद्यापि त्याच घरात आहेत.

१८ ऑगस्टला अच्युत पोतदार ठाण्यात निवर्तल्याची बातमी मामींनी मला सांगितली. मी विद्यापीठातून परतलो होतो, पायातले काढत होतो. दूरदर्शन संचाचा आवाज बारीक करून त्या म्हणाल्या, ‘‘आपले पोतदार गेले रे.’’

‘आपले’ या शब्दाला तसा आधार थोडाच होता. पोतदारांची आणि आमच्या घराची ओळख नव्हती. त्यांचा जन्म जबलपूरचा, २२ ऑगस्ट १९३४ चा, एवढाच काय तो धागा. त्यांचे बालपणही पुढे इंदूरकडे गेले. परंतु महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांना अशी एक सवय असते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत एखादे मराठी आडनाव दिसले की ते कोठले याचा शोध घरात सुरू होतो, आणि ते आपल्या गावचे निघाले तर त्या माणसावर आपला काही हक्क आहे असे सर्वांना वाटू लागते. नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथून १८१७ मध्ये उठला. त्यांच्यामागोमाग आलेली आणि पुढे रेल्वे, शाळा, कचेऱ्या, तोफगाड्यांचा कारखाना यांच्या निमित्ताने येत राहिलेली कुटुंबे मात्र राहिली. ही मंडळी मराठी बोलतात, ‘काय करून राहिला’ असे विचारतात, आणि पुण्याचा पाहुणा आला की क्रियापदे सांभाळू लागतात.

मामी पुढे म्हणाल्या, ‘‘तुझे मामा असते तर आज जेवले नसते.’’ यावर मी काही बोललो नाही. कारण पोतदारांचा विषय निघाला की या घरात आणखी एक विषय निघतो, आणि त्यात माझा वाटा आहे.

अच्युत पोतदारांचे आयुष्य ढोबळ रेषांत सांगण्याजोगे आहे. अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी, रीव्याला प्राध्यापकी, नंतर सैन्य. तेथून १९६७ मध्ये कॅप्टन म्हणून बाहेर पडणे. त्यानंतर इंडियन ऑइलमध्ये सुमारे पंचवीस वर्षांची अधिकारपदाची नोकरी, आणि १९९२ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती. यात नाटक-सिनेमाचे नाव कोठे नाही. ते आले चाळिशी ओलांडल्यावर, नोकरी सांभाळून. ‘आक्रोश’ १९८० चा, ‘अर्धसत्य’ १९८३ चा, ‘तेजाब’ १९८८ चा, ‘परिंदा’ १९८९ चा. म्हणजे ज्या वर्षांत हा गृहस्थ पडद्यावर सतत दिसत होता, त्या वर्षांत तो कचेरीतही जात होता. एकूण चित्रपट सव्वाशेच्या वर गेले. त्यांत नायकाची भूमिका नाही. खलनायकाचीही, ज्याला खरा खलनायक म्हणावे अशी, नाही. पोलीस अधिकारी, मुलीचे वडील, प्राध्यापक, शेजारचे काका. याला हिंदीत ‘चरित्र अभिनेता’ म्हणतात.

या संज्ञेपाशी थोडे थांबावेसे वाटते. हिंदीत ‘चरित्र’ म्हणजे स्वभाव, शील, आणि इंग्रजी नाट्यपरिभाषेच्या वळणाने पात्रसुद्धा. मराठीने ही संज्ञा जशीच्या तशी उचलली. पण मराठीत ‘चरित्र’ म्हणजे जीवनकथा. टिळकांचे चरित्र, शिवाजीमहाराजांचे चरित्र. त्यामुळे मराठी कानाला ‘चरित्र-अभिनेता’ हा शब्द काहीसा चुकीचा, आणि म्हणूनच अधिक खरा ऐकू येतो: आपले चरित्र घेऊन रंगभूमीवर येणारा नट. नायकाला चरित्राची गरज नसते, किंबहुना ते अडचणीचेच ठरते. तो चित्रपटाबरोबर जन्माला यावा अशीच आपली अपेक्षा असते. उलट दोन मिनिटांसाठी आलेल्या पोलीस अधिकाऱ्याने त्या दोन मिनिटांपूर्वीची तीस वर्षे बरोबर आणली पाहिजेत. ती संवादांत लिहिलेली नसतात. खुर्चीवर बसण्यात, कागद हातात धरण्यात, समोरच्याला किती वेळ बोलू द्यायचे याच्या हिशेबात ती असतात. कवायतीच्या मैदानावर उभे राहिलेल्या, वर्गात फळ्यापुढे उभे राहिलेल्या, आणि कचेरीत फायलींमागे बसलेल्या माणसाकडे ही वर्षे आयती जमलेली असतात. पोतदारांकडे ती तिन्ही प्रकारची होती.

दिदरोने नटाच्या विरोधाभासावरील आपल्या संवादात नटाने स्वतः विकारवश होऊ नये असा पक्ष मांडला. तो संवाद लिहिला गेला अठराव्या शतकात, प्रसिद्ध झाला १८३० मध्ये, दिदरोच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. भरताने लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा भेद केला. मी माझ्या प्रबंधात या दोघांना समोरासमोर बसवले होते. तेव्हा माझे मत असे होते, आणि ते मी तावातावाने मांडीत असे, की अभिनय सुरू होतो तो नटाचे स्वतःचे चरित्र संपते तेथे. ज्याला आपले रोजचे वागणेच पडद्यावर न्यायचे आहे तो अभिनय करीत नाही, केवळ उपस्थित राहतो. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मला स्वतःला सांगण्याजोगे चरित्र नव्हते, हे त्या मतामागचे एक कारण असावे.

मामांचे चरित्र मात्र होते. १९६१ मध्ये, म्हणजे वकिलांचा कायदा झाला त्याच वर्षी, त्यांनी सनद घेतली. जबलपूर हे १९५६ पासून मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाचे गाव. येथे वकिलांना तोटा नाही, आणि वकील हा येथील सार्वजनिक करमणुकीचाही एक भाग आहे. मामांचा आवाज मोठा नव्हता. उलटतपासणीत ते साक्षीदाराशी अशा अजिजीने बोलत की त्याला यांच्यावर उपकार केल्यासारखे वाटे, आणि उपकार करण्याच्या भरात तो नको ते बोलून जाई. हे सारे मी सुटीत येथे आलो असताना प्रत्यक्ष पाहिलेले नाही. न्यायालयात मुलांना कोण नेणार? मी पाहिले ते घरी. सकाळी दाढी करताना ते आरशासमोर तिन्ही माणसे होत: स्वतः, साक्षीदार, आणि न्यायाधीश. न्यायाधीश झाले की वस्तरा क्षणभर हवेत थांबे.

गणेशोत्सवात येथील मराठी मंडळी नाटक करीत. १९७४ साली त्यांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बसवले आणि सुखात्म्यांची भूमिका मामांकडे आली. वाचकांस नाटक परिचित आहेच: हौशी मंडळींचा एक संच वेळ घालवण्यासाठी खोट्या न्यायालयाचा खेळ मांडतो, आणि त्या खेळात लीला बेणारे नावाची शिक्षिका खरोखरीच आरोपी होऊन बसते. १९६७ मध्ये रंगायनने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आणले, सुलभा देशपांडे बेणारे झाल्या. सुखात्मे हा त्यातला वकील. खऱ्या न्यायालयात त्याचे काही चालत नाही. खोट्या न्यायालयात मात्र तो फिर्यादीचीही बाजू मांडतो आणि आरोपीचीही, आणि फिर्यादीची मांडताना त्याला जी धार चढते ती आरोपीची मांडताना उरत नाही. एका चालत्या वकिलाने न चालणाऱ्या वकिलाची भूमिका करायची, तीही आपला स्वतःचा कोट घालून, यात धोका होता. वकील-संघातील मित्रांनी थट्टा केली. एका पक्षकाराने, मामी सांगतात, दुसऱ्या दिवशी येऊन विचारले की साहेबांचे बरे चालले आहे ना.

मामा त्या भूमिकेविषयी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. तालमीत ते सुखात्म्याला मूर्ख करीत होते आणि लोक हसत होते. प्रयोगाच्या आदल्या रात्री त्यांच्या ध्यानात आले की हा माणूस मूर्ख नाही, याला काम मिळालेले नाही. तेवढ्याने सगळा आवाज बदलला. ‘‘काम नसलेला वकील फार तयारीने बोलतो,’’ असे ते म्हणत. हे वाक्य कोणत्याही प्रबंधात शोभले असते. माझ्या प्रबंधात ते नाही.

वकिली आणि नाटक यांचे मराठीतील नाते जुने आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करीत आणि ‘वीरतनय’, ‘मूकनायक’ लिहीत. ते १९३४ मध्ये वारले, त्याच वर्षी पोतदार जन्मले, हा अर्थात केवळ योगायोग. शब्दांतही हे नाते दिसते. पेशव्यांचा दिल्लीतील वकील, म्हणजे हिंगण्यांसारखा, धन्याच्या वतीने दुसऱ्याच्या दरबारात उभा राहणारा माणूस. आजच्या अर्थाने कज्जे चालवणारा नव्हे. स्वतःची नसलेली बाजू स्वतःच्या तोंडाने बोलणे, हे त्याचे काम. ‘भूमिका’ हा शब्दही आपण नटासाठी वापरतो आणि वकिलासाठीही, आणि दोन्ही ठिकाणी तो माणूस भूमिका ‘घेतो’.

तेंडुलकरांनी आणखी एक वकील लिहिला, तो ‘आक्रोश’मधला. गोविंद निहलानींचा हा पहिला चित्रपट. नसीरुद्दीन शाह यांनी केलेला भास्कर कुलकर्णी हा तरुण वकील आपल्या मूक अशिलाकडून, ओम पुरींच्या लहान्याकडून, एक शब्द मिळवण्यासाठी धडपडतो. आणि समोर सरकारी वकील म्हणून अमरीश पुरी. मामांनी हा चित्रपट जबलपुरात लागला तेव्हा दोनदा पाहिला, एकदा अशील म्हणून आणि एकदा वकील म्हणून, असे ते म्हणत. त्या चित्रपटातील माणसे पाहिली तर एक गंमत दिसते. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. महेश एलकुंचवार नागपूरला इंग्रजीचे प्राध्यापक आणि नाटककार. अच्युत पोतदार तेल कंपनीतील अधिकारी. अमरीश पुरींचीही कितीतरी वर्षे विमा महामंडळाच्या कचेरीत गेलेली. नोकरी सांभाळून, दवाखाना सांभाळून, वर्ग सांभाळून आलेली ही माणसे होती, आणि त्या चित्रपटातील गावाची सत्ता, तिचे साधे कचेरीछाप रूप, एवढे विश्वसनीय वाटते त्याचे एक कारण हेही असावे. मामांना पोतदारांचे नाव त्याच चित्रपटाच्या श्रेयनामावलीत प्रथम दिसले. ते जबलपूरचे आहेत हे त्यांनी कोठून शोधून काढले कोण जाणे.

१९८२ नंतर दूरदर्शनचे जाळे देशभर पसरले आणि ही माणसे घरात येऊ लागली. चित्रपटाच्या पडद्यावर पोतदारांसारखा नट क्षणभर दिसून जातो. चौदा-पंधरा इंची संचावर तो घरातल्या वडीलमाणसाच्या आकाराचा होतो. १९८८ मध्ये ‘वागळे की दुनिया’ आणि ‘भारत एक खोज’ या दोन्ही मालिकांतून ते दिसले. पहिलीत आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस, कुंदन शाह यांचे दिग्दर्शन, आणि कारकुनी पेशाच्या वागळ्यांच्या भूमिकेत अंजन श्रीवास्तव, जे स्वतः बँकेत नोकरीला होते. दुसरीत श्याम बेनेगलांनी नेहरूंचे पुस्तक त्रेपन्न भागांत उलगडले. मी आठ वर्षांचा होतो, दिवाळीच्या सुटीत या घरात जमिनीवर बसून पाहत होतो, आणि पोतदार दिसले की मामा मला कोपराने ढोसत. ‘‘बघ. काहीच करत नाही. बघ.’’ हे कौतुक होते, हे मला कळायला वीस-पंचवीस वर्षे लागली.

अमेरिकेत याचे दोन ठळक दाखले आहेत आणि ते तौलनिक अभ्यासात कोणी फारसे घेत नाही, म्हणून येथे नोंदवतो. जोसेफ वेल्श हे बोस्टनचे वकील. १९५४ च्या जूनमध्ये, सैन्य आणि सिनेटर मॅकार्थी यांच्या वादाची जाहीर सुनावणी दूरचित्रवाणीवरून दाखवली जात असता, त्यांनी मॅकार्थींना सभ्यतेविषयी जो सवाल केला त्याने ते घरोघर माहीत झाले. पाच वर्षांनी ऑटो प्रेमिंजरने ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’मध्ये न्यायाधीशाची भूमिका त्यांना दिली. मूळ कादंबरी ज्याने टोपणनावाने लिहिली तो जॉन व्होल्कर स्वतः मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होता. दुसरे फ्रेड थॉम्पसन: वॉटरगेट चौकशीतील सिनेट समितीच्या अल्पमतातील पक्षाचे वकील, पुढे टेनेसीतील एका गाजलेल्या खटल्याचे वकील, त्या खटल्यावर १९८५ मध्ये ‘मेरी’ हा चित्रपट निघाला तेव्हा त्यात स्वतःचीच भूमिका करणारे नट, पुढे सिनेटर, आणि २००२ पासून पाच वर्षे ‘लॉ अँड ऑर्डर’ या मालिकेतील जिल्हा सरकारी वकील. थॉम्पसनच्या बाबतीत चरित्र कोठे संपले आणि अभिनय कोठे सुरू झाला हे ठरवणे कठीण आहे, आणि मतदारांनाही ते ठरवण्याची घाई नव्हती. मला वेल्श अधिक आवडतात. ते न्यायाधीश म्हणून खुर्चीत बसतात, आणि चाळीस वर्षे ज्या दिशेने वर पाहिले त्या दिशेने आता खाली पाहण्याची त्यांना जी किंचित मौज वाटते आहे ती लपत नाही.

आता माझ्या वाट्याची गोष्ट. २००४ च्या ऑक्टोबरात मामांचे मला पत्र आले. मी दुसऱ्या एका शहरात प्रबंध लिहीत होतो. पत्रात असे होते की एका निर्मात्याने, जो त्यांच्या कोणा अशिलाचा नातलग होता, त्यांना एका हिंदी मालिकेत न्यायाधीशाची भूमिका देऊ केली आहे. महिन्यातून चारपाच दिवस मुंबईस जावे लागेल. वय अडुसष्ट झाले असले तरी प्रकृती ठीक आहे. तुझे या विषयातले शिक्षण चालू आहे, तरी तुला काय वाटते ते कळव. मालिकेचे नाव आता कोणालाही आठवणार नाही, ती कोठल्याही अभ्यासात येणार नाही.

मी चार पानांचे उत्तर लिहिले. त्यात दिदरो होता. उपग्रह वाहिन्यांच्या मालिकांविषयी तुच्छता होती, जी तेव्हा आमच्या विभागात सर्वमान्य होती. न्यायाधीशाची भूमिका करणाऱ्या खऱ्या वकिलाला निर्माता अभिनयासाठी घेत नाही, शोभेसाठी घेतो, असे एक वाक्य होते. शेवटी, निर्णय अर्थात तुमचा, असेही लिहिले होते. असे लिहिणारा माणूस निर्णय आधीच देऊन मोकळा झालेला असतो. मामांनी नकार कळवला. माझ्या पत्राविषयी ते कधी एक शब्द बोलले नाहीत.

मला मात्र वर्षानुवर्षे वाटत होते की कारण माझे पत्र नसून वकिलांचे नियम असावेत. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला दुसरा धंदा करता येत नाही, पूर्णवेळ पगारी नोकरी धरता येत नाही. ५१ वा नियम काही गोष्टींना मोकळीक देतो: विधेयकांचे परीक्षण, कायद्याच्या पुस्तकांचे संपादन, अध्यापन, पत्रकारिता, प्रसारण. अभिनय हा शब्द त्यात नाही. ३६ वा नियम जाहिरात निषिद्ध ठरवतो. मामा नियमांचे माणूस होते, तेव्हा ते तेथेच अडले असतील, अशी मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती. ती सोयीची होती.

२००९ मध्ये ‘थ्री इडियट्स’ आला. त्यातील यंत्रशास्त्राच्या वर्गात नायक पुस्तकाची एवढी लांबलचक व्याख्या करतो की हतबुद्ध प्राध्यापक त्याला विचारतो, तुला म्हणायचे आहे तरी काय? तो चार शब्दांचा हिंदी प्रश्न पोतदारांच्या तोंडी आला आणि तेवढ्याने, पंचाहत्तराव्या वर्षी, नाव ठाऊक नसलेली मुलेही त्यांचा चेहरा ओळखू लागली. आज तो प्रश्न भ्रमणध्वनीवरून हजारो चित्रांसह फिरत असतो. मामांनी चित्रपट पाहिला आणि मला दूरध्वनी केला. हा प्रश्न मला चाळीस वर्षे न्यायमूर्तींनी विचारला आहे, असे म्हणून ते पुष्कळ वेळ हसले. मग म्हणाले, ‘‘रीव्याला शिकवत होता ना तो. त्याने हा प्रश्न खराच विचारला असणार, कोणाला तरी.’’ मला वाटते, माझ्या चार पानांचे उत्तर त्यांनी पाच वर्षांनी एवढ्या शब्दांत दिले. मी तेव्हा ते ऐकले नाही. हसलो आणि प्रकृती विचारली.

‘माझा होशील ना’ ही मराठी मालिका २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि लगेच टाळेबंदी आली. मामांना जाऊन सात वर्षे झाली होती. चित्रीकरण पुन्हा सुरू झाल्यावर मी इकडे, मामी रिछाईत, आणि आम्ही रात्री दूरध्वनीवर एकच मालिका पाहत असू. त्यात पोतदार आप्पा होते, चार मुलांच्या घरातील वृद्ध वडील. पंच्याऐंशी-शहाऐंशीचे वय. आवाजाला जरा कंप आला होता, हालचाल मंदावली होती, आणि कॅमेरा त्यांच्यासाठी थांबत होता. अध्यापक नव्हे, कॅप्टन नव्हे, अधिकारी नव्हे. ती सारी चरित्रे गळून पडली होती आणि उरलेल्या म्हातारपणावर भूमिका उभी होती. अभिनय चरित्र संपल्यावर सुरू होतो असे म्हणणाऱ्या मला हे पाहताना आपले कोणते मत खरे ठरले आणि कोणते खोटे, ते नीट सांगता येईना. एका रात्री मामी म्हणाल्या, ‘‘यांनाही असंच जमलं असतं.’’ तक्रारीचा सूर नव्हता.

पोतदारांची बातमी आली त्या आठवड्यात मामींनी मामांचे कपाट आवरायला काढले. फायली माझ्याकडे आल्या. बहुतेक जुने दावे, कारखान्यांतून काढून टाकलेल्या माणसांचे. ती माणसेही आता असतील-नसतील. एका फायलीत हिरव्या लेजर कागदावर टंकलिखित केलेला एक अर्ज मिळाला. राज्याच्या बार कौन्सिलला, जिची कचेरी जबलपुरातच आहे, उद्देशून. सही नाही, पाठवलेला नाही. त्यात परिच्छेदांना क्रमांक घालून तीन प्रश्न विचारले आहेत. मोबदला घेऊन मालिकेत अभिनय करणे हे ५१ व्या नियमातील ‘प्रसारण’ या शब्दात बसते काय. नामावलीत नावापुढे व्यवसाय न लिहिल्यास ती ३६ व्या नियमाखालील जाहिरात होते काय. आणि तिसरा, ज्याला कोणत्याच नियमाचा आधार नाही: पडद्यावर न्यायाधीशाचा वेष करणाऱ्या वकिलास दुसऱ्या दिवशी खऱ्या न्यायाधीशापुढे उभे राहण्यास काही प्रत्यवाय आहे काय.

अर्जाची तारीख मला आलेल्या पत्राच्या अकरा दिवस आधीची आहे. नियमांची वाट त्यांनी मला विचारण्यापूर्वीच चालून पाहिली होती आणि पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे, पेन्सिलीने, समासात आपल्या बाजूने लिहून ठेवली होती. त्याच्यामागे निर्मात्याला पाठवलेल्या नकाराची प्रत आहे. ती २००५ च्या जानेवारीतली, माझ्या उत्तरानंतर पुरती दोन महिन्यांनी. आणि अर्जाच्या पाठीमागे, पेन्सिलीनेच, निर्मात्याने सांगितलेल्या काही गोष्टींची टिपणी: चष्मा जुनाच चालेल, दोन पांढरे सदरे, केस कापू नयेत.

त्या डिसेंबरात मावसबहिणीचे लग्न होते. मामांचे केस कॉलरवर आले होते. बायका हसत होत्या, आणि मीच त्यांना सर्वांसमोर विचारले होते की मामा, न्हावी मिळाला नाही का.